नानांच्या चहातला अर्क

शांताचं बारसं कर्फ्यूत झालं, त्या सालची ही गोष्ट. म्हणजे छप्पन साल. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं वर ठरलं होतं, आणि खाली लालबागच्या नाक्यावर दगड, लाठ्या आणि गोळ्या चालल्या होत्या. पाळण्याला बांधायला फुलं मिळेनात, तेव्हा शेजारच्या सुंदराबाईने घरात होती ती कोथिंबिरीची जुडी बांधली. कानात नाव सांगायची ती चुलत आत्या भायखळ्याला अडकून पडली, म्हणून तेही काम सुंदराबाईनेच केलं. नाव ठेवलं शांता. नाव कानात पडताच पोरीने जो आवाज लावला, तो ऐकून रस्त्यावरच्या शिपायाने वर बघितलं.

शांताचा बाप शामराव परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होता. गेटाच्या खिडकीत बसायचं, कामगारांचे पितळी बिल्ले घ्यायचे, आणि कोण वेळेवर आला, कोण उशिरा, कोण आजारी म्हणून घरी राहून कबड्डी खेळतोय हे ताडायचं. असं काम वर्षानुवर्षं केल्यावर माणसाचा स्वभाव जो व्हायचा तोच त्याचा झाला होता. नारळ घेताना तो आधी नारळवाल्याच्या तोंडाकडे बघायचा, नारळाकडे नंतर. दूधवाला हसला तर दुधात पाणी जास्त, आणि नाही हसला तर त्याहून जास्त, असा त्याचा हिशेब. पाहुणा “सहज आलो” म्हणाला की तो पाहुणा जाईपर्यंत शामराव अस्वस्थ असायचा. सहज कोण येतो?

पण त्या वर्षी त्याला जो घोर लागला होता तो खरा होता. तो होता बापाचा, नानांचा.

नानांनी तीस वर्षं गिरणीत जॉबरकी, म्हणजे कामगारांवरची मुकादमी, केली होती. बायको लवकर गेली, तेव्हा हा एकुलता पोर त्यांनी चाळीच्या खोलीत एकट्याने वाढवला. पाळी सुटून घरी यायचे, चहा करायचे, अर्धा कप प्यायचे आणि उरलेला बशीत ओतून पोरापुढे सरकवायचे. “घे झिला, बापाचा उष्टा.” दुधाची चणचण होती म्हणून हे सुरू झालं, पण पुढे दूध आलं, साखर आली, सून आली, तरी प्रथा मोडली नाही. शामराव बाप झाला तरी बापाच्या बशीतला चहा पिऊनच पाळीला जायचा. नाही म्हणायची सोयच नव्हती. गावाकडे देवळातला अंगारा कोणी नाकारतो का? तसंच हे.

त्या उन्हाळ्यात शिवाजी पार्कावर मोठी सभा झाली. चाळीतले सगळे गेले, नानाही गेले. कोणी एक वक्ता बोलता बोलता रंगला आणि गरजला, “संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत अंथरुणाला पाठ लावणार नाही, म्हणा!” लोकांनी हात वर केले. सभा सुटली, लोक भेळ खाऊन घरी गेले आणि झोपले. तो वक्ताही झोपला असणार. नानांनी मात्र घरी येऊन आपली वळकटी गुंडाळली, सुतळीने बांधली आणि माळ्यावर फेकली.

“मामंजी, हे काय?” रखमाने विचारलं. रखमा म्हणजे शामरावाची बायको.

“हात वर केलंय गो मी,” नाना म्हणाले. “आता कसो निजू?”

त्या दिवसापासून नाना जागे. गॅलरीत येरझाऱ्या घालायचे, नाहीतर पाळण्याजवळ ताठ बसून दोरी ओढायचे. भिंतीलासुद्धा पाठ टेकायची नाही. शामराव मध्येच डोळे उघडून बघायचा, तर नाना त्याच्याकडेच बघत असायचे. केव्हाही बघा, डोळे टक्क उघडे! मग शामरावाची झोप उडायची ती उडायचीच.

तळमजल्यावर बाबुराव राहायचा, समितीचा कार्यकर्ता. त्याला तर आयतंच मिळालं. चाळीच्या दारात फळा होता, त्यावर सभा-मोर्चाच्या बातम्या असायच्या. बाबुरावाने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: “नाना जागे आहेत. तुम्ही?” नायगावहून, डिलाइल रोडवरून माणसं नानांना बघायला येऊ लागली. जिन्यात चपलांचा ढीग. कोणी नानांना हार घातला, कोणी नारळ दिला. शामरावाने नारळ वाजवून बघितला.

डॉक्टरांनी नानांची नाडी बघितली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा लांब झाला. शामरावाला बाजूला घेऊन ते म्हणाले, “या वयात झोप नाही म्हणजे सगळा ताण छातीवर. गणपतीपर्यंत असंच चाललं तर मला विचारायला येऊ नका.”

शामराव घाबरला. बापाला समजावून बघितलं, तर नाना म्हणाले, “मुंबई मिळाली की निजतंय.” मुंबई कधी मिळणार हे दिल्लीलाही ठाऊक नव्हतं.

चाळीत एखादी काळजी बोलून दाखवली की ती आपली राहत नाही. सुंदराबाई म्हणाली, “भावोजी, जायफळ उगाळून कपाळाला लावा. माझे सासरे असे झोपले की आम्ही रडायलाच बसलो होतो.” दुसरी म्हणाली, उशाला खसखस ठेवा. उशीच नव्हती, खसखस कुठे ठेवणार? पाणी भरायच्या नळावर एक म्हातारी म्हणाली, “भुताचं असेल.” शामरावाला प्रत्येक सल्ल्यामागे सल्ला देणाऱ्याचा काहीतरी फायदा दिसायचा, पण जायफळात सुंदराबाईचा काय फायदा ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटी तो गुपचूप ठाकुरद्वारच्या एका वैद्यांकडे गेला. वैद्यबुवांच्या खोलीत छतापर्यंत बरण्या. त्यांनी एक मुळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

“सर्पगंधा. आता परदेशातसुद्धा याच्या गोळ्या करतायत, आपल्याला आजीच्या आजीपासून ठाऊक. सोबत जटामांसी, तगर, थोडी ब्राह्मी. तुम्ही गिरणीतले ना? मग असं समजा, मेंदू म्हणजे साच्याचा, तुमच्या मागाचा पट्टा. पट्टा फार ताणला की साचा तापतो. ही मुळी पट्टा सैल करते. माणूस शांत होतो. राग नाही, घोर नाही. झोप आपोआप येते.”

“पण ही सर्पगंधाच कशावरून?”

“चावून बघा.”

शामरावाने चावून बघितली. जीभ कडूजहर.

“याने स्मरण जातं का? हातपाय लुळे पडतात का? एकदा झोपला तर माणूस उठतो ना? आणि ही मुळी तुम्ही कोणाकडून घेता?”

वैद्यबुवांनी चष्मा काढला. “तुम्ही पोलिसांत आहात का?”

“टाइमकीपर.”

“तरीच. थोडा अर्क तुम्हीही घेत जा.”

शामरावाला हे बोलणं मुळीच आवडलं नाही.

अर्क तयार झाला. वैद्यबुवा काटकसरी, रिकाम्या बाटल्या धुऊन वापरायचे. शामरावाला मिळाली ती बाटली हिरवी, लांब मानेची, आणि पूर्वी तिच्यात काय होतं हे लांबूनही ओळखू यावं अशी. तेव्हा मुंबईत दारूबंदी. शामरावाने ती वर्तमानपत्रात गुंडाळली, पण मान बाहेर राहिली. त्यात हा माणूस स्वभावाने इकडेतिकडे बघत चालणारा. लालबागच्या नाक्यावर हवालदाराने त्याला थांबवलं नसतं तरच नवल.

चौकीत हवालदाराने बूच काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “हातभट्टीची?”

“छे! औषध आहे. डोकं शांत करायचं.”

“कोणाचं?”

“वडिलांचं.”

“वडील काय करतात?”

“समितीच्या मोर्चाला जातात.”

हवालदाराने त्याच्याकडे नीट बघितलं. “मग ह्या एका बाटलीने काय होणार? उद्या गिरगावातून मोर्चा निघतोय, आम्हाला पिंपभर पाठवा की!”

शामरावाचा सबंध दिवस गेला. बाटली तपासायला सरकारी प्रयोगशाळेत जाणार. वैद्यांचा दाखला पाहिजे. दाखला आणला तर वैद्यांकडे दाखला द्यायचा दाखला आहे का, असा प्रश्न आला. आयुष्यभर दुसऱ्याला खिडकीबाहेर उभं करणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीबाहेर उभा राहिला, आणि आत बसलेला माणूस किती हळू पान चघळू शकतो हे त्याला कळलं. बाटली चौकीत राहिली. वैद्यबुवांनी दुसरा अर्क खोबरेल तेलाच्या बाटलीत दिला. तो निर्वेध घरी आला.

आता हे करायचं कसं? रखमाला सांगावंच लागलं, कारण चहा ती करायची. “दुपारी मी पाळीला जायच्या आधी नानांचा चहा होतो ना, त्यात दोन चमचे. गूळ आणि आलं जास्त टाक. आणि कोणाला बोलू नकोस. बाबुरावाला कळलं तर तो मला चाळीतून हाकलेल.”

“मामंजींना न सांगता?” रखमा म्हणाली.

“सांगितलं तर पितील का?”

रखमा काही बोलली नाही. ती गप्प बसली की शामरावाला नेहमी संशय यायचा. त्या दिवशी घाईत होता, आला नाही.

पहिल्या दिवशी नानांनी चहाचा घोट घेतला. शामराव दाराआड उभा. नानांनी कप नाकाजवळ नेला, कपात बघितलं, मग सुनेकडे, मग दाराकडे.

“चाय कडू कसो गो?”

“आलं जून होतं, मामंजी.”

“होय?” नाना म्हणाले. आणि मग त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला. रोज अर्धा ओतायचे, आज जवळजवळ सगळाच ओतला. “झिला, ये. बापाचा उष्टा.”

शामराव जागच्या जागी उभा. काय म्हणणार? चहा नको म्हणावं, तर उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं. का नको ते सांगावं, तर सगळंच उघडं. नाना बशी पुढे धरून बसले होते, डोळ्यांत अशी माया की पोराला भरून आलं. त्याने बशी घेतली आणि प्यायली.

असं रोज होऊ लागलं. नानांची माया दिवसेंदिवस वाढत चालली. कधी कधी ते कपाला नुसते ओठ लावायचे. “तूच पी. माझा वय झाला.”

पहिल्या आठवड्यात शामराव गेटाच्या खिडकीत बसून जांभया देऊ लागला. त्याला वाटलं, जागरणाने. नानांवर काही परिणाम दिसेना, म्हणून तो पुन्हा ठाकुरद्वारला गेला. वैद्यबुवा म्हणाले, “रुग्ण हट्टी दिसतो. मात्रा दुप्पट करा.” मात्रा दुप्पट झाली, ती अर्थातच शामरावाच्या पोटात.

एक गंमत सांगायला हवी. अर्क चांगला होता. वैद्यांनी भेसळ केली नव्हती. शामरावाच्या डोक्याचा पट्टा खरोखर सैल पडला. नारळ न वाजवता घेऊन आला. दूधवाल्याला “कसं काय?” म्हणाला, तर दूधवाला घाबरून दुसऱ्या दिवसापासून घट्ट दूध घालू लागला. खिडकीवर कामगार उशिरा यायचे, तोंडात सबब तयार ठेवून, आणि शामराव ती ऐकायच्या आधीच मान डोलवायचा. “असू दे, असू दे. होतं असं.” पहिल्या दिवशी कामगारांना वाटलं हा सापळा आहे. म्हणून ते आणखी लवकर येऊ लागले. मग कळलं सापळा नाही, तेव्हा निवांत येऊ लागले. एकदा तो बिल्ल्यांच्या ढिगावर गाल टेकून झोपला आणि उठला तेव्हा गालावर गिरणीचं नाव उलटं उमटलेलं होतं. तो तसाच चाळीत आला.

साहेबाने बोलावून घेतलं. “शामराव, तू समितीत सामील झालास? मुद्दाम ढिलाई करतोस?” शामराव शांतपणे हसला. ते हसणं साहेबाला फारच लागलं. दुसऱ्या दिवशी शामरावाची बदली कापसाच्या गोदामात झाली. तिथे त्याने कोणावर लक्ष ठेवायचं? गाठी वेळेवर यायच्या आणि वेळेवर पडून राहायच्या. या बदलीचा अपमान त्याला कळत होता, पण डोक्यात तो लांबून ऐकू आलेल्या भोंग्यासारखा वाजायचा आणि विरून जायचा.

तोपर्यंत चाळीत वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. कोणीतरी त्याला चौकीत बाटलीसकट बघितलं होतं. चळवळीच्या दिवसांत ज्याचं डोकं तापत नाही तो माणूस सरळ नाही, असं लोक धरून चालायचे. मोर्चाच्या दिवशी सगळी चाळ घोषणा देत उतरायची, आणि शामराव गॅलरीत उभा राहून हात हलवायचा, जणू पोरं सहलीला निघालीत. बाबुराव म्हणाला, “ह्याला सरकारने फोडलाय.” कंपनीला वाटलं हा समितीचा, समितीला वाटलं हा सरकारचा. संशयी माणसावर सगळ्यांनी एकदम संशय घेतला, आणि नेमका त्याच वेळी त्याला कोणाचा राग येत नव्हता.

पण एक काळजी मात्र अर्कानेही दबली नाही. गणपती जवळ आले होते. नाना अजून जागेच होते.

गणपतीच्या आधीच्या रविवारी बाबुरावाने चाळीच्या चौकात सगळ्यांना जमवलं होतं. नाना मध्ये खुर्चीवर, पाठ न टेकता. तेवढ्यात दारातून हवालदार आला. हातात ती हिरवी बाटली.

“शामराव कोण? ही घ्या तुमची बाटली. तपासणी झाली, दारू नाही.” मग आवाज जरा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका, तो म्हणाला, “आमच्या साहेबांनी चव बघितली होती. दोन दिवस कोणावर ओरडले नाहीत, खुर्चीतच झोपले. हा झोपेचा अर्क अजून मिळेल का हो?”

बाबुरावाने फळ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग शामरावाकडे.

“झोपेचा? कोणाला झोपवतोयस, शामराव? नानांना?”

शामरावाला घाबरायचं होतं. पण घाबरणं कुठेतरी खाली राहिलं होतं, वर येईना. तो हळूच म्हणाला, “होय. डॉक्टर म्हणाले, गणपतीपर्यंत झोपले नाहीत तर ते जातील. तुझा फळा राहील रे बाबुराव. मला बाप एकच आहे.”

सुंदराबाईने पदर डोळ्यांना लावला. आणि नाना खो खो हसू लागले. इतके हसले की पाठ खुर्चीला टेकता टेकता वाचली.

“अरे खुळ्या! तुझी बाटली माका पहिल्या दिसापासून ठाऊक. सुनेने सांगितला.”

शामरावाने रखमाकडे बघितलं. रखमा शांताला खांद्यावर थोपटत म्हणाली, “मामंजींना फसवून काही द्यायचं मला नाही जमलं. मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘ओत गो, ओत. खरी गरज त्याच्याच डोक्याक आसा.’”

“म्हणजे तुम्ही मला...”

“रोज निजत नव्हतस, माझ्याकडे टक लावून बघत होतस,” नाना म्हणाले. “दूधवालो तुका चोर, नारळवालो तुका चोर. म्हटला, जरा निवांत होऊ दे पोर.”

“पण नाना, तुमची झोप?”

यावर रखमाच बोलली. “अहो, ते झोपतात की! तुम्ही पाळीला गेलात की पाळण्याची दोरी धरून बसल्या बसल्या घोरतात. दोरी हातातून सुटत नाही, पाठ टेकत नाही, पण घोरतात. रात्री तुम्ही घोरलात की तेही घोरतात.”

“मग मी बघायचो तेव्हा डोळे उघडे कसे?”

नानांनी मिशीवरून हात फिरवला. “तीस वर्षा जॉबरकी केलंय. टाइमकीपराची चाहूल लागली की डोळे उघडूचे, ता माका शिकवतलस?”

चौकात जो हशा पिकला तो नाक्यापर्यंत गेला. हवालदारही हसला, आणि रिकाम्या हाताने परत जाताना बाटलीकडे वळून वळून बघत गेला. शामराव एवढ्या लोकांसमोर उभा होता, बापाने, बायकोने आणि आपल्याच धंद्याने फसवलेला. अर्क होता म्हणून त्याने ते सोसलं. डॉक्टरांना ही बातमी सांगितली, तर त्यांनी नाडी पुन्हा बघितली आणि आपण असं कधी बोललोच नव्हतो असं सांगितलं.

अर्क बंद झाला. महिनाभरात शामरावाचा पट्टा पुन्हा ताणला गेला. साहेबाने त्याला खिडकीत परत बसवलं आणि उशिरा येणाऱ्यांची पहिल्यासारखी झडती सुरू झाली. एका संध्याकाळी दोन-तीन कामगार चाळीत आले आणि रखमाला हात जोडून म्हणाले, “वहिनी, त्यांना काय देत होता ते चालू करा ना.” बाबुराव पुढे बरेच दिवस शामरावाशी नीट बोलला नाही, पण फळ्यावरचं “तुम्ही?” एवढं त्याने पुसून टाकलं.

नानांची पाठ मात्र साठ सालापर्यंत टेकली नाही. मोर्चे झाले, निवडणुका झाल्या, शांता चालायला लागली, बोलायला लागली, पण वळकटी माळ्यावरच. एक मेला महाराष्ट्र झाला. शिवाजी पार्कावर रोषणाई, लालबागला लेझीम. नाना सगळं बघून घरी आले, शामरावाला माळ्यावर चढवला आणि वळकटी खाली काढली. तिच्यात उंदराने घर केलं होतं. झटकली, अंथरली, आणि नाना पाठ लावून झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी उठेनात. चाळ दाराशी जमली. शामराव सारखा वाकून त्यांचा श्वास बघत होता. त्याचा स्वभावच तो. चार वर्षांची शांता त्याचा सदरा ओढून म्हणाली, “बाबा, आजोबांना नका उठवू. आज त्यांनी डोळे उघडले नाहीत, म्हणजे खरेच झोपलेत.”

संध्याकाळी नाना उठले आणि चहा मागितला. अर्धा प्यायले, अर्धा बशीत ओतून पुढे सरकवला. शामरावाने बशी नाकाजवळ नेली.

“पी रे,” नाना म्हणाले. “चायच आसा.”

तो पुढे रोज पीत राहिला, पण वास घेतल्याशिवाय कधी प्यायला नाही.

एका श्रावणात, दुपारच्या चहाला, नानांनी अर्धा कप पिऊन खाली ठेवला आणि बशीकडे हात नेला तो तिथेच राहिला. शामरावाने आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. मग कपातला उरलेला चहा, वास न घेता, पिऊन टाकला आणि सुंदराबाईला हाक मारली. नाना वारले. सोमवार होता, साल एकोणीसशे त्रेसष्ट.